घरच्या ग्रुपवर खोटी बातमी आली की पहिली दहा मिनिटं तुम्ही काय करता?

कृष्णाकाठची

नमस्कार. बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं. विषय नवा नाही. पण मला सल्ल्यांपेक्षा अनुभव हवे आहेत, म्हणून आधी माझा सांगते.

माझं माहेर सांगलीचं, गावभागातलं. २०१९च्या महापुरात आमच्या तळमजल्यात छतापर्यंत पाणी होतं. ज्यांनी ते पाणी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच सांगते, की त्यानंतर पाऊस लागून राहिला की आमच्याकडे माणसं धड झोपत नाहीत. आयर्विन पुलाजवळ पातळी किती, कोयनेतून विसर्ग किती, अलमट्टीतून किती, हे आकडे शाळकरी पोरांनासुद्धा पाठ असतात. पुलाजवळ ४० फूट झालं की इशारा, ४५ला धोका.

दोन पावसाळ्यांपूर्वी नदी चढत होती, पण इशाऱ्याच्या खालीच होती. रात्री साडेअकराच्या सुमाराला गल्लीच्या ग्रुपवर एक आवाज आला. पुरुषाचा, धापा टाकत बोलणारा, आमच्याच भागातली बोली. "कोयनेच्या भिंतीला तडा गेलाय. आत्ताच साहेबांचा फोन आलता. पहाटेपर्यंत पाणी सांगलीत येतंय. म्हातारी माणसं, पोरंबाळं आधी बाहेर काढा. सगळ्यांना पाठवा."

माझे बाबा ३४ वर्षं प्राथमिक शिक्षक होते. गावभागात त्यांना सगळे गुरुजीच म्हणतात. त्यांनी तो आवाज दोनदा ऐकला आणि आईला म्हणाले, "आवर." आज्जी तेव्हा ८४ वर्षांची, खुब्याचं ऑपरेशन झालेली. २०१९नंतर आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, त्यामुळे तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून बाबा आणि शेजारचा मुलगा जिन्यावरून खाली आणायला लागले. बाहेर पाऊस, जिना ओला, लाइट गेलेली. तिसऱ्या पायरीवर खुर्ची कलली. आज्जीने आधार म्हणून भिंतीकडे हात टाकला आणि तो खुर्ची आणि भिंतीच्या मध्ये सापडला. मनगट मोडलं. ती ओरडलीसुद्धा नाही, "मला सोडा, तुम्ही जावा" एवढंच म्हणत राहिली.

शेजाऱ्यांच्या टेंपोतून सगळे माधवनगरला मावशीकडे निघाले. आईने मला नंतर सांगितलं, की टेंपोत बसल्यावरही बाबा फोनवर तो आवाज पुढे पाठवत होते. एका वेळी एकाच ठिकाणी जात होता. तो आधीच खूप हात फिरून आलेला होता, वर दुहेरी बाण होता. बाबांना त्या बाणाचा अर्थ माहीत नव्हता. त्यांना वाटलं रेंज नाही म्हणून अडकतंय. मग त्यांनी नावं आठवून आठवून एकेकाला पाठवला. भिलवडी, अंकलखोप, औदुंबर, जिथे जिथे त्यांच्याबरोबर नोकरी केलेली माणसं आहेत तिथे तिथे.

सकाळी नदी चार बोटं उतरली होती. दुपारी माझ्या चुलतभावाला तोच आवाज त्याच्या जुन्या फोनमध्ये सापडला. तारीख ऑगस्ट २०१९ची. तेव्हाही तो खोटाच होता.

मी त्या दिवसापासून एकाच गोष्टीचा विचार करते आहे. त्या आवाजात "आत्ताच" आणि "पहाटेपर्यंत" हे दोन शब्द होते, तारीख कुठेही नव्हती. आपण फॉरवर्ड केलं की मूळ दिवस गळून पडतो आणि आपली वेळ त्याला चिकटते. म्हणून "आज रात्री" असं म्हणणारा निरोप कधी शिळा होत नाही. पाच वर्षांनी आला तरी तो आजचाच असतो.

पण धागा काढण्याचं कारण वेगळं आहे. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "गुरुजी, तुम्हीसुद्धा?" बाबांनी उत्तर दिलं नाही. संध्याकाळी ते ग्रुपमधून बाहेर पडले. ज्या माणसाने आयुष्यभर मुलांच्या चुका समजावून दुरुस्त केल्या, त्याची चूक अशी चारचौघांत काढली गेली. ते बाहेर पडल्याने ग्रुपचं भलं झालं असं मला वाटत नाही. त्यांनी तो आवाज वेडेपणाने पाठवला नव्हता, माणसांच्या काळजीने पाठवला होता.

तर विचारायचं हे, की असं काही आलं की तुम्ही पहिल्या दहा मिनिटांत काय करता? आणि घरातल्या मोठ्या माणसाने पाठवलं असेल तर त्यांना कसं सांगता?

रानवारा

वाचून अंगावर काटा आला. आज्जी कशा आहेत आता?

कृष्णाकाठची

@रानवारा, हात बरा झाला, पण पहिल्यासारखा वळत नाही. भाकरी थापणं बंद झालं. बाकी तब्येत ठीक आहे.

पाणलोट

पाटबंधारे खात्यात हयात गेली माझी, त्यामुळे राहवत नाही. पुराच्या बहुतेक खोट्या निरोपांची परीक्षा कागद-पेन्सिलीने होते. एकदाच नीट समजून घ्या, जन्मभर पुरेल.

टीएमसी हे साठ्याचं माप. १ टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. क्युसेक हे वाहण्याचं माप, सेकंदाला एक घनफूट. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे ११,५७४ क्युसेकने अखंड चोवीस तास पाणी सोडलं तर एक टीएमसी होतं. एक लाख क्युसेक दिवसभर सोडलं तर ८.६४ टीएमसी. कोयनेची पूर्ण क्षमता १०५.२५ टीएमसी.

आता समजा निरोप आला, "आज रात्रीत कोयनेतून ५० टीएमसी सोडणार". बारा तासांत ५० टीएमसी म्हणजे साडेअकरा लाख क्युसेक. असला आकडा दिसला की लिहिणाऱ्याने टीएमसी आणि क्युसेक यांची गल्लत केली आहे किंवा हवेतून काढला आहे असं समजा. उलटंही होतं. पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक सोडलं की "कोयनेचं पाणी सोडलं!!!" असे निरोप सुरू होतात. २१०० क्युसेक म्हणजे दिवसाला ०.१८ टीएमसी. वीज तयार करून ते पाणी नदीत सोडतात, नेहमीची गोष्ट आहे. दरवाजे किती फूट उचलले हे त्या निरोपात आहे का ते बघा.

आणखी एक. कोयनेचं पाणी सांगलीच्या पुलापर्यंत पोचायला कित्येक तास लागतात. मधे कऱ्हाड आहे, मधे असंख्य गावं आहेत. धरणाचं खरोखर काही झालं असेल तर कऱ्हाडच्या एका ओळखीच्या माणसाला फोन लावा. तो झोपेतून उठून "काय झालं?" असं विचारत असेल, तर उत्तर मिळालं. तुमच्या बाबांनी त्या रात्री एवढे निरोप पाठवले, त्याऐवजी नदीच्या वरच्या अंगाला एकच फोन केला असता तर आज्जींचा हात वाचला असता. दोष देत नाही. ही सवय आम्ही लोकांनीच लावायला हवी होती.

वारणेचा_पोर

पाणलोट, गणित पटलं. पण एक बाजू राहिली. २०१९ला आमच्या गावात पाणी शिरलं तेव्हा आम्हाला अधिकृत म्हणून जे कळायचं होतं ते पाणी दारात आल्यावर कळलं. दवंडी नाही, गाडी नाही, काही नाही. त्याआधी दोन दिवस "घाबरू नका, परिस्थिती नियंत्रणात आहे" एवढंच ऐकत होतो. आमची चार जनावरं दाव्यालाच गेली. दावं कापायलाही वेळ मिळाला नाही.

त्यामुळे आता कुणी "अधिकृत माहितीवरच विश्वास ठेवा" असं म्हटलं की आमच्या गावात कुणी मान हलवत नाही. धापा टाकणारा माणूस जास्त खरा वाटतो, कारण त्या वेळी धापा टाकणारेच खरे निघाले होते. अफवा पसरते ती माणसं अडाणी आहेत म्हणून नव्हे. खरी बातमी उशिरा येते, अर्धी येते, आणि मधल्या रिकाम्या वेळेत जे येईल ते माणूस धरतो.

पाणलोट

@वारणेचा_पोर, तुमचं म्हणणं खोडता येणार नाही. जनावरांचं वाचून वाईट वाटलं. खरी बातमी वेळेवर पोचवणं हे काम आहे, ते झालं नाही की बाकी सगळं व्यर्थ. मी नोकरीत असताना हेच भांडत होतो.

मुक्काम_साक्री

मी धुळे जिल्ह्यातला, साक्री तालुक्यातला. राईनपाड्याचं नाव तुम्ही ऐकलं असेल. मी त्या गावचा नाही, पण तो रविवार आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही.

१ जुलै २०१८. आठवडे बाजाराचा दिवस. त्याआधी कितीतरी दिवस सगळ्यांच्या फोनवर "मुलं पळवणारी टोळी आली आहे, वेष बदलून फिरते, किडन्या काढते" असे निरोप येत होते. माझ्याही फोनवर आले होते. माझ्या बायकोने मुलाला अंगणात सोडणं बंद केलं होतं. मी तिला काही बोललो नाही, कारण मनातून मलाही भीती वाटत होती. हे मी मुद्दाम लिहितो आहे. आम्ही सगळे त्या भीतीत होतो.

त्या दिवशी बाजारात भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना लोकांनी धरलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, बहुतेक मंगळवेढ्याकडची. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरून भिक्षा मागणं हा त्यांचा रिवाज. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मरेपर्यंत मारलं. पाचही गेले. खोलीतलं ते मारणं लोकांनी फोनमध्ये चित्रित केलं, आणि तेही पुढे पाठवलं गेलं. मालेगावातही त्याच सुमाराला जमावाने एका कुटुंबाला घेरलं होतं. तिथे पोलीस वेळेवर पोचले आणि ती माणसं जिवंत राहिली.

त्या काळात देशभर एक व्हिडिओ फिरत होता. मोटारसायकलवरचे दोघे खेळणाऱ्या पोराला उचलून नेतात. तो कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी केलेला जनजागृतीचा व्हिडिओ होता. शेवटी ते दोघे पोराला परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला. परत आणून सोडण्याचे ते काही सेकंद व्हिडिओत राहिले असते, तर तो बघून कुणी काठी उचलली नसती.

त्यानंतर व्हॉट्सॲपने "फॉरवर्डेड" अशी खूण आणली, भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. आणि एप्रिल २०२०पासून फार फिरलेला निरोप एकाच ठिकाणी जातो. कृष्णाकाठची यांच्या बाबांना जो अडथळा लागला तो असा आला. आम्हाला मात्र तो दुहेरी बाण बघितला की ती खोली आठवते.

मी काय करतो, तर "मुलं", "टोळी", "सावध" असे शब्द असलेला निरोप आला की तो कुठूनही आलेला असो, मी आधी पोलीस ठाण्यात फोन करतो. आमच्या ठाण्यातल्या हवालदारांना माझा आवाज ओळखू येतो आता. मग ग्रुपवर आवाजातच सांगतो, माझ्या नावानिशी, आमच्या बोलीत: "मी ठाण्यात विचारलं, अमुक वाजता, असं काही नाही." लिहून पाठवलेलं कोणी वाचत नाही. ओळखीच्या माणसाचा आवाज ऐकतात.

रानवारा

पूर्ण अनुमोदन. काय लिहावं सुचत नाही.

शेड_नंबर_दोन

"खरं-खोटं माहीत नाही, पण पाठवायला काय जातंय?" हे वाक्य मला ऐकवत नाही. काय जातं ते सांगतो.

फेब्रुवारी २०२०. "कोंबडीतून कोरोना होतो" हे निरोप सुरू झाले. माझी इंदापूर तालुक्यात पोल्ट्री आहे, तेव्हा शेडमध्ये पाच हजार पक्षी होते. ज्यांना धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ब्रॉयलर चाळीस-बेचाळीस दिवसांत विक्रीला तयार होतो. त्याच्यापुढे तो रोज खाद्य खातो, पण त्या मानाने वजन देत नाही. कांदा चाळीत ठेवता येतो, पक्षी ठेवता येत नाही. गिऱ्हाइकाने "चार दिवस नको, बघू" म्हटलं की तुमचं मरण चालू झालं.

व्यापारी गाडी लावेना. मी आणि भाऊ पिकअपमध्ये पक्षी भरून गावोगाव फुकट वाटायला गेलो. फुकटसुद्धा घेईनात. एका म्हातारीने दोन घेतले, तर तिच्या सुनेने अंगणातून ते परत आमच्या गाडीत आणून ठेवले. शेवटी जेसीबी बोलावला. खड्डा काढताना माझा सात वर्षांचा पोरगा बांधावर उभा होता. त्याला घरी पाठवायचं मला सुचलंच नाही. अजून तो चिकन खात नाही.

ज्यांनी ते निरोप पाठवले त्यातले निम्मे माझे पाहुणे होते. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. सगळ्यांनी खबरदारी म्हणून पाठवलं. खबरदारी त्यांनी घेतली आणि तिचे पैसे मी भरले. कर्ज आत्ता कुठे फिटलंय. आज्जींच्या मनगटाचं वाचलं तेव्हा हेच मनात आलं. पाठवणाऱ्याचं काही जात नाही, हे बरोबर आहे. म्हणूनच तो पाठवतो. ज्याचं जातं तो त्या ग्रुपमध्ये नसतोच.

शुभदा_ना

शेड_नंबर_दोन, तुमचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. ती तेव्हा असे निरोप पाठवणाऱ्यांतली होती. बराच वेळ गप्प होती.

तालुका_दवाखाना

माझा अनुभव आजारांचा आहे. तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करते. भेंडी रात्रभर पाण्यात भिजवून ते पाणी प्यायलं की मधुमेह जातो, हा निरोप माझ्याकडे दर महिन्याला कुणीतरी घेऊन येतं. पूर्वी मी चिडायचे. "हे असलं कशाला वाचता?" असं म्हटलं की पेशंट मान खाली घालतो, फोन खिशात ठेवतो आणि पुढच्या वेळी सांगतच नाही. पाणी मात्र पीत राहतो.

एक काका असेच आठ महिने आले नाहीत. गोळ्या बंद करून फक्त भेंडीचं पाणी. पायाच्या अंगठ्याची जखम चिघळली तेव्हा मुलगा घेऊन आला. अंगठा काढावा लागला. ते मला म्हणाले, "मागच्या वेळी तुम्ही रागावला होता, म्हणून आलो नाही." ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

आता कुणी निरोप दाखवला की मी आधी पूर्ण वाचते, त्यांच्यासमोर. मग एकच विचारते, "गोळ्या चालू आहेत ना?" चालू असतील तर म्हणते, भाजी म्हणून भेंडी खा, छान आहे, गोळी मात्र सोडू नका, आणि तीन महिन्यांनी एचबीएवनसी बघू. त्या तपासणीत साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी कळते, त्यामुळे भेंडीने काय केलं ते कागदावर येतं. माझ्या बोलण्यापेक्षा पेशंटला स्वतःच्या रक्ताचा आकडा पटतो.

रोखठोक_नगरकर

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. सगळे हळुवारपणे, खाजगीत सांगा म्हणत आहेत. खाजगीत सांगून होईपर्यंत तो निरोप आणखी वीस ग्रुपवर जातो. राईनपाड्यासारख्या वेळी तुम्ही एकेकाला समजावत बसणार का? मी तरी सरळ ग्रुपवर लिहितो, "खोटं आहे, काढून टाका." राग आला तर येऊ दे. माझे दोन काका माझ्याशी बोलत नाहीत. चालेल मला.

कृष्णाकाठची

@रोखठोक_नगरकर, तुमची घाई मला पटते. पण बाबांचं झालं ते बघून मी दोन गोष्टी वेगळ्या करायला शिकले. निरोप खोटा आहे हे ग्रुपवर, लगेच, सगळ्यांना दिसेल असं लिहायचं. पाठवणाऱ्याचं नाव त्यात घ्यायचं नाही, त्याच्या निरोपाला चिकटून उत्तरही द्यायचं नाही. आणि त्याच मिनिटाला त्या माणसाला फोन करायचा: "काका, तो निरोप जुना निघाला, तुम्हाला कुणी पाठवला ते जरा विचारता का?" त्यांच्याकडूनच मागे शोध सुरू झाला की अपमान होत नाही, उलट ते कामाला लागतात. आमच्या मामांनी असं करत एकदा चार माणसं मागे जाऊन शोध लावला होता.

रोखठोक_नगरकर

हे करून बघतो. काकांच्या बाबतीत उशीर झालाय, पण बघतो.

ओळखीचा_चष्मा

फोटोंबद्दल लिहितो, माझा तो नाद आहे. २०१९च्या पुरात घराच्या छपरावर बसलेल्या मगरीचा फोटो आमच्याकडे "सांगली, आत्ताचा" म्हणून आला. भिलवडी-औदुंबरच्या बाजूला कृष्णेत मगरी आहेतच, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. मला आली ती छपराच्या घडणीवरून. शोधलं तर मगर खरी, पूर खरा, छप्परही खरं, गाव मात्र बेळगाव जिल्ह्यातलं, रायबाग तालुक्यातलं. मगर सांगलीत नव्हती, पण तिच्या भीतीने आमच्या ओळखीचे एक कुटुंब बोटीत बसायला तयार होईना.

साफ खोटं पकडणं त्या मानाने सोपं असतं. खऱ्या गोष्टीला चुकीचं गाव किंवा चुकीची तारीख लावलेली असते तेव्हा कठीण जातं.

करायचं काय, तर फोटोवर गूगल लेन्स लावा. तोच फोटो आधी कुठे कुठे येऊन गेला ते दिसतं, आणि सगळ्यात जुना कुठला ते बघायचं. व्हिडिओ असेल तर तो थांबवून स्पष्ट दिसणाऱ्या जागेचा स्क्रीनशॉट काढा आणि त्याच्यावर लेन्स लावा. दुकानाची पाटी, गाडीची नंबरप्लेट, एसटीचा रंग, लोकांचा पेहराव, हे चेहऱ्यांपेक्षा जास्त सांगतं. मराठीतून तपासून लिहिणारेही आहेत, फॅक्ट क्रेसेंडो आणि न्यूजचेकर यांची मराठी पानं मी नेहमी बघतो. निरोपातले चार ठळक शब्द आणि पुढे "फॅक्ट चेक" असं मराठीत टाकून शोधलं तरी बहुतेक वेळा उत्तर सापडतं.

ओवी_लिहिते

विषयाला थोडं सोडून आहे, पण सांगावंसं वाटतं. मी आईवर लिहिलेली कविता पु. ल. देशपांड्यांच्या नावाने मला माझ्याच ऑफिसच्या ग्रुपवर आली. त्यात मोबाइलच्या चार्जरचा उल्लेख आहे. पु.ल. १२ जून २००० रोजी गेले. ज्या घरातलं ते वर्णन आहे तिथे कोपऱ्यात फोन चार्जिंगला लावलेला असणं त्यांच्या हयातीत शक्य नव्हतं, एवढाही विचार कुणाला करावासा वाटला नाही. मी "ही माझी आहे" असं लिहिलं तर एका सहकाऱ्याने विचारलं, पुरावा काय?

यात कुणाचा जीव गेला नाही, मनगट मोडलं नाही, मला कळतं. पण ती कविता मी आईच्या तेराव्यानंतर लिहिली होती. आता तिच्याखाली माझं नाव लावलं तर मीच चोर ठरते.

शुभदा_ना

ओवी, विषय सोडून अजिबात नाही. इथे टाका ती कविता, तुमच्या नावासह.

कलम_आणि_पोटकलम

कुणीतरी विचारेल की सरकारनेच खरं-खोटं ठरवून का देऊ नये. २०२३मध्ये केंद्राने माहिती तंत्रज्ञान नियमांत तशी दुरुस्ती केली होती. केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दलचा मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा ठरवण्याचा अधिकार सरकारच्याच तपासणी कक्षाला मिळणार होता. मुंबई उच्च न्यायालयात जानेवारी २०२४मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली. तिसऱ्या न्यायमूर्तींनी सप्टेंबर २०२४मध्ये ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. मला निकाल योग्य वाटतो. वारणेचा_पोर यांच्या गावाला "परिस्थिती नियंत्रणात आहे" असं सांगणाऱ्यांच्याच हातात धापा टाकणाऱ्याला खोटं ठरवायची मोहोर द्यायची का, हा तो प्रश्न आहे. सरकारने आपली बाजू मांडावी, आकडे वेळेवर द्यावेत. पत्र सूचना कार्यालयाचा तपासणी विभाग २०१९पासून आहेच, तो त्याचं म्हणणं मांडतो. ते वाचायचं, आणि बाकीचंही वाचायचं.

खातेवही

बँकेत काउंटरवर असते. थोडक्यात लिहिते. "डिजिटल अरेस्ट" नावाची अटक कायद्यात नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक करत नाहीत, घरात कोंडून ठेवून पैसे मागत नाहीत. एक निवृत्त बाई फोन कानाला लावूनच एफडी मोडायला आल्या होत्या, हात थरथरत होते, आणि मी काही विचारलं की फोनकडे बघायच्या. मी चिठ्ठीवर "तुम्हाला कुणी धमकावतंय का?" असं लिहून पुढे सरकवलं. त्यांनी मान हलवली. तेवढ्याने वाचल्या. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. आणि आता चेहरा आणि आवाजही खोटे करता येतात. जानेवारी २०२४मध्ये सचिन तेंडुलकरांचा एका गेमिंग ॲपची जाहिरात करणारा व्हिडिओ आला, तो बनावट असल्याचं त्यांना स्वतःला सांगावं लागलं. घरातल्या घरात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवा. मुलाचा आवाज पैसे मागत असेल तर तो शब्द विचारा.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा छापून मी बाबांना वाचायला दिला. पाणलोट यांचं गणित त्यांनी वहीत उतरवून घेतलं, ११,५७४ स्वतः करून बघितलं. मुक्काम_साक्री यांचा प्रतिसाद वाचून ते उठून गॅलरीत गेले.

परवा त्यांनी एक काम सुरू केलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मंडळाचा फळा आहे. बाबा सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला स्वतः पुलापाशी जाऊन पट्टीवरची पातळी बघतात आणि फळ्यावर लिहितात. कोयनेचा विसर्ग कऱ्हाडच्या एका जुन्या सहकाऱ्याला फोनवर विचारून लिहितात, कुणाला विचारलं तेही लिहितात. ग्रुपमध्ये परत जायला ते अजून तयार नाहीत, मी आग्रह केला नाही. पण शेजारचा मुलगा, ज्याने आज्जीची खुर्ची धरली होती, तो फळ्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकतो.

भेंडीच्या पाण्यावरून मात्र आमचं काल वाजलं. त्यांना ते अजून खरं वाटतं. गोळ्या चालू आहेत, एवढं विचारून घेतलं.

घाटावरची_पायरी

आम्ही कुरुंदवाडचे, कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचे. आमच्याकडे पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर बघतात, ३९ फुटाला इशारा, ४३ला धोका. असा फळा आमच्या गल्लीतही करायचा आहे. तुमच्या फळ्याचा एक फोटो इथे टाकाल का? रकाने कसे आखलेत ते बघायचं आहे.

कृष्णाकाठची

टाकते उद्या सकाळी. सध्याच्या फळ्यावर बाबांनी वार आणि वेळ लिहिली आहे, तारीख राहिली आहे. ती लिहिल्यावर फोटो काढायला सांगते.